तापमानाचा रकाना

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ड्रेस्डेनला बर्फ पडला. फार नाही, बोटाच्या पेराएवढा. सकाळी कोपऱ्यावरून एक जुनी मोपेड गेली, पूर्व जर्मनीच्या काळातली, टू-स्ट्रोक. ती वळून दिसेनाशी झाली तरी तिचा निळा धूर बर्फावर राहिला. कडक थंडीत धूर वर चढत नाही. गुडघ्याच्या उंचीवर पसरतो आणि तिथेच विरतो.

जळक्या तेलाचा हा वास माझ्यासाठी दोन ठिकाणांचा आहे. एक मिरजेचा रिक्षाथांबा, जुन्या रिक्षा होत्या तेव्हाचा. दुसरे ठिकाण म्हणजे झेक सरहद्दीजवळच्या डोंगरमाथ्यावरची एक पत्र्याची शेड. तिथे दोन वर्षांपूर्वीचा एक हिवाळा, शनिवारमागून शनिवार, एका स्नोमोबाईलच्या कार्बोरेटरमधली सुई वरखाली करण्यात गेला. त्या हिवाळ्याबद्दल लिहायचे टाळले होते. तेव्हाची चूक लिहिण्यातच झाली होती, हे त्याचे कारण.

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची स्कूटर. पुढे चाकाऐवजी दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा. गिअर नाहीत. आपल्याकडच्या बिनगिअरच्या स्कूटरसारख्याच दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक बेल्ट. वेग वाढला की पुल्या आपोआप उघडमीट करतात आणि गिअर बदलल्यासारखे होते. मिरजेत ज्याने स्कूटर उघडून पाहिली आहे त्याला या यंत्रात परके वाटावे असे फार नाही. शिरीषने ती शाळेत असतानाच उघडली होती. शिरीष माझा नवरा. मेकॅनिकल इंजिनिअर, चिपच्या कारखान्यांना पंप पुरवणाऱ्या कंपनीत आहे. मी लग्नाआधी अकरा वर्षे कोल्हापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. लग्नानंतर इकडे आले आणि भाषांतरे करू लागले.

त्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात त्या डोंगरावर स्की करताना शिरीषचा घोटा मोडला. गावातल्या स्वयंसेवकांचे बचाव पथक आले. त्यांनी त्याला ‘आक्या’त बांधले. आक्या म्हणजे जखमी माणसाला निजवून न्यायची होडीसारखी घसरगाडी. ती स्नोमोबाईलला जोडली आणि माथ्यावरच्या शेडकडे चढ सुरू झाला. मी मागून चालत होते. चढाच्या मध्यावर, वळणाशी, यंत्र घुटमळले, खोकल्यासारखे करून थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. शेवटी चौघांनी दोर खांद्यावर घेऊन आक्या वर ओढली.

“दुखतंय का फार?” मी विचारले.

“दुखतंय. पण ऐक. खाली ठीक आहे, वर ठीक आहे, मधल्या रेसला मरतंय. पिकअप नाही हिला.”

“गप्प पड जरा.”

दोर ओढणाऱ्यांत पुढे एक उंच, पांढऱ्या मिशीचा माणूस होता. त्याने मागे वळून विचारले, काय म्हणतोय तो. तुमच्या गाडीत दोष आहे म्हणतो, असे मी सांगितले.

“नू,” तो म्हणाला. या भागात ‘हो’ला ‘नू’ म्हणतात. “आधी त्याच्या पायात आहे.”

हा उवे. वय बासष्ट, धंद्याने सुतार, सत्तावीस वर्षे त्या पथकाचा प्रमुख. पुढच्या डिसेंबरात, घोटा बरा झाल्यावर, शिरीष बिस्किटांचा डबा घेऊन आभार मानायला त्याच्याकडे गेला आणि परत येताना त्याच्या हातांना ग्रीसचा वास होता. त्या दिवसापासून शनिवार ठरले.

उवेपुढचा प्रश्न साधा होता. पथक ज्या फेराइनचे, म्हणजे संस्थेचे होते, तिच्या जिल्हा शाखेने कळवले होते की फेब्रुवारीअखेर चाचणी होईल. भरलेली आक्या घेऊन तो चढ न थांबता पार झाला तर पथकाचे डोंगरावरचे ठाणे राहील. नाही झाला तर ठाणे बंद करून सगळे सामान खिंडीपलीकडच्या ठाण्याला दिले जाईल. ते ठाणे गाडीने वीस मिनिटांवर आहे. नव्या यंत्राचा विचार कोणी करत नव्हते.

“वीस मिनिटं म्हणजे काही नाही,” उवे एकदा म्हणाला. “कॉफी पिताना कळतही नाहीत. बर्फात पडलेल्याला कळतात.”

शेडमध्ये एक लोखंडी शेगडी होती. ती पेटवली तरी भिंतीकडची बाजू गारच राहायची. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर शेगडीजवळ ठेवत, नाहीतर गार धातूने बोटे बधिर होत. सकाळी शेडचे दार उघडले की आतला वास बाहेर यायचा: लाकडाचा भुसा, तेल, ओले लोकरीचे मोजे. मग पट्ट्यात अडकलेला बर्फ काठीने झोडून काढायचा. त्या वेळी बोलायचे नाही असा काही नियम नव्हता, पण कोणी बोलत नसे.

दोष दोन ठिकाणी होता. कार्बोरेटरच्या आत एक निमुळती सुई असते. तिच्या माथ्याशी पाच खाचा, आणि एका खाचेत बारीकशी क्लिप. क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या वेगात इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते. क्लिप वर बसवली की कमी. आधीच्या कोणीतरी ती चौथ्या खाचेवर ठेवली होती. इंजिन पेट्रोलात बुडत होते. दुसरा दोष मागच्या पुलीच्या स्प्रिंगमध्ये. तिचे टोक कितव्या भोकात अडकवले त्यावर पीळ ठरतो. तो कमी होता, त्यामुळे चढावर वजन आले तरी पुल्या खालच्या गिअरसारख्या स्थितीत परत येत नव्हत्या. म्हणजे इंजिनाला श्वास लागलेला आणि वर चढ.

“एका वेळी एकच बदल,” शिरीष म्हणाला. “सुई हलवली तर स्प्रिंगला हात नाही.”

“आणि दोन्ही हलवली तर?” उवेने विचारले.

“मग सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तरी तेच.”

“आल्झो, म्हणजे लग्नासारखं.”

प्रत्येक फेरीनंतर स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. हवा तो चहाचा रंग, असे शिरीषने सांगितले. उवे म्हणाला, चहा पिवळा असतो. त्याच्या घरी बडीशेपेचा चहा प्यायचे. शिरीषने थर्मासमधून आमचा चहा ओतून दाखवला. उवेने कप प्लगशेजारी धरला, खिडकीकडे नेला, पुन्हा पाहिले. नंतर तो चहा पिऊन टाकला. तेव्हापासून शेडमध्ये प्लगच्या योग्य रंगाला ‘शिरीचा चहा’ म्हणू लागले.

माझे काम चढाच्या पायथ्याशी उभे राहून वेळ घेण्याचे. यंत्र शिरीष चालवी. आक्यात माणसाऐवजी रस्त्यावर टाकायच्या खडीच्या गोण्या, ऐंशी किलो. शिट्टी झाली की घड्याळ सुरू. वर वळणाशी उभा असलेला उवे हात उंचावे तेव्हा बंद. मधल्या वेळात ऐकत राहायचे. चौथ्या खाचेवर यंत्र घोगरे ओरडायचे, गुळणी केल्यासारखे. तिसऱ्यावर आवाज सुटा झाला, पण वळणाशी दम गेला. दुसऱ्या खाचेवर आणि स्प्रिंगला एक भोक जास्त पीळ दिल्यावर, जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी, ते वळण ओलांडून माथ्यावर गेले. आवाज एकसारखा होता. वर उवे हात उंचवायचे विसरला, त्यामुळे त्या फेरीची वेळ चुकली. पुढच्या दोन फेऱ्यांत घेतली. वळणापर्यंत अठ्ठेचाळीस सेकंद.

त्या हिवाळ्यात थंडी अशी नव्हतीच. पारा शून्याच्या खाली एक, दोन, फार तर तीन. ओला बर्फ. ओला बर्फ बुटाखाली मुकाट दबतो. कोरडा करकरतो, नव्या कोल्हापुरी चपलेसारखा. ते करकरणे त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत ऐकू आले नाही.

नोंदी शिरीष करायचा, चौकटीच्या वहीत, पेन्सिलने, कारण बॉलपेनची शाई आळते. ओळीची सुरुवात ठरलेली. ‘उणे २, ओला.’ मग खाच, स्प्रिंगचे भोक, प्लगचा रंग. शेवटी मी वेळ सांगे ती. ‘उणे ३, ओला.’ ‘उणे २, ओला.’ पानभर तेच. उवे वहीत डोकावून ती दोन अक्षरे कशाची ते विचारी. शिरीषने त्याला ‘ओला’ शिकवले, आणि पुढे लागेल म्हणून ‘कोरडा’ही. उवे ते ‘कोर्दा’ म्हणे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा शाखेने कागद मागितले. वहीचे जर्मनमध्ये टंकलेखन करायचे काम माझ्याकडे आले, आणि ते मी माझ्या पद्धतीने केले.

माझी पद्धत अकरा वर्षांच्या सवयीची होती. बातमीत जे प्रत्येक ओळीत सारखेच येते ते बातमी नसते. ते काढायचे. ‘उणे २, ओला’ हे किंवा असेच शब्द एकतीस ओळींच्या आरंभी होते. मी तो रकाना गाळला. तक्ता रुंदीला कमी झाला, एका पानावर बसला. पाहायला चांगला दिसत होता.

यामागे आणखी एक सवय होती. मिरजेहून सासूबाईंचा फोन रोज साडेआठला येतो, तिकडच्या दुपारी एकला. त्यांचे पहिले वाक्य सहा वर्षांत बदललेले नाही.

“आज किती?”

“आहे थंडी, अहो आई.”

“स्वेटर घातलास ना?”

इकडे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात हा प्रश्न येतो. आईचा, मावशीचा, शेजाऱ्यांचा. आज किती आहे तिकडे? विचारणाऱ्याला आकड्याशी कर्तव्य नसते. उत्तर देणाराही आकडा देत नाही. फोन लागला, आवाज येतोय, माणूस बरे आहे, एवढेच त्यातून कळवायचे असते. त्या हिवाळ्यापर्यंत तापमान माझ्या लेखी असा शब्द झाला होता: बोलणे सुरू करायला बरा, छापायला निरुपयोगी.

तक्ता शिरीषने वाचला होता. “मस्त दिसतंय,” म्हणाला. आकडे तपासले, ते बरोबर होते. जे नव्हते ते त्यालाही दिसले नाही. ते त्याला पाठ होते.

चाचणीच्या आठवड्यात हवा फिरली. आकाश निळे झाले, वारा पडला, आणि सकाळी डोंगरावर झाडांच्या फांद्या हलल्या की बर्फाची बारीक भुकटी उन्हात चमकत खाली येई. शेडच्या दाराबाहेर टांगलेल्या तापमापकात उणे सोळा होते. तो आकडा मी पाहिला. गाडीतून उतरल्यावर माणूस पाहतो तसा.

शिरीष आला नव्हता. पहाटे कारखान्यातला एक पंप बंद पडला होता आणि त्याला तिकडे जावे लागले. साडेनऊला त्याचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर होती.

“पोचलीस? काय करतोय उवे?”

“सुई बसवतोय. फाईल आहे समोर.”

“बरं. किती आहे तिकडे?”

“आहे थंडी. कडक आहे. तू कधी निघतोयस?”

“बघतो. कोणीतरी बोलावतंय. ठेवतो.”

उवे कार्बोरेटर उघडून उभा होता. सुई त्याच्या हातात, क्लिप चिमट्यात. त्याने दाराकडे तोंड करून नाकाने हवा ओढली.

“थंड आहे,” तो म्हणाला. “माझ्यावर असतं तर एक खाच खाली घेतली असती.”

मी फाईल पुढे केली. दुसरी खाच, तिसरे भोक, चढ पार. खाली जिल्हा शाखेचा पोच शिक्का.

त्याने चष्मा लावून वाचले. “असं लिहिलंय?”

“असंच लिहिलंय.”

“नू.” त्याने क्लिप दुसऱ्या खाचेत बसवली. चाळीस वर्षे टू-स्ट्रोक इंजिने हाताळलेला माणूस. तो एका सुबक पानापुढे गप्प बसला.

थंड हवा दाट असते, आणि दाट हवेला पेट्रोल जास्त लागते. ते मिळाले नाही तर इंजिन आधी बिघडत नाही. आधी ते छान चालते. जिल्हा शाखेच्या परीक्षक बाई माझ्या शेजारी वही घेऊन उभ्या होत्या. शिट्टी झाली आणि उवेला घेऊन यंत्र निघाले ते कधी नव्हे इतके हलके. आवाज कोरा, टणक. वळणाशी घड्याळात चव्वेचाळीस होते, आतापर्यंतची सगळ्यात चांगली वेळ. मी ते मोठ्याने सांगितलेही. परीक्षक बाई हसून म्हणाल्या, “गेनाऊ.” अगदी बरोबर.

वळणानंतर पत्र्यावर नख ओढल्यासारखा एक आवाज आला, आणि मग आवाज नाही. पट्टा जागीच थांबला. आक्या हातभर मागे सरकली, उवेने ब्रेक लावला. डोंगरावर इतकी शांतता होती की उवेने हातमोजे काढून आसनावर टाकले ते पायथ्याशी ऐकू आले. पिस्टन पकडला होता, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता.

परीक्षक बाईंनी एक ओळ लिहिली आणि वेळ टाकली.

दुपारी शेडमध्ये शिरीषचा पुन्हा फोन आला.

“सुई कुठे होती?”

“दुसऱ्यावर. फाईलप्रमाणे.”

“अगं पण ते उणे तीनचं आहे. आज किती होतं?”

सकाळी त्याने हेच विचारले होते.

“उणे सोळा,” मी म्हणाले.

“वहीत आहे गं ते,” तो म्हणाला. “ प्रत्येक ओळीत आहे.”

वही माझ्या पिशवीत होती. मी ती उवेपुढे उघडली, पहिल्या रकान्यावर बोट ठेवले, मग फाईलमधला तक्ता शेजारी ठेवला. सांगावे लागले नाही. त्याने दोन्ही पाहिले. वहीतले अक्षर वेडेवाकडे होते, एका पानावर ग्रीसचा अंगठा.

“छान टाईप केलं होतंस,” तो म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते.

वर्तमानपत्रात खुलाशाची एक रीत असते. जिथे चूक छापली तिथेच तो छापायचा, विशेषणे वापरायची नाहीत, आणि चूक कोणाची ते कर्मणी प्रयोगात लपवायचे नाही. मी त्या रीतीने एक पान जर्मनमध्ये लिहिले. तक्त्यातून तापमानाचा रकाना मी गाळला. दुसऱ्या खाचेची मांडणी फक्त शून्य ते उणे पाचपर्यंत लागू आहे. पथकप्रमुखांनी चाचणीपूर्वी खाच बदलण्याचे सुचवले होते; माझ्या कागदामुळे त्यांनी ती बदलली नाही. सही करून ते जिल्हा शाखेला पाठवले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. खुलाशाची नोंद घेण्यात आली होती. निर्णय तोच होता. खुलाशाने बातमी मागे जात नाही, हे मला अकरा वर्षे माहीत होते.

एप्रिलमध्ये ठाण्याची पाटी उतरवली. उवेने ती स्वतः बसवली होती, म्हणून स्क्रू कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक होते. त्याच महिन्यात त्याने आणि शिरीषने इंजिन उघडले, नवा पिस्टन घातला. आता घाई कसलीच नव्हती. दाराबाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता आणि पत्र्यावरून पाणी ठिबकत होते. यंत्र खिंडीपलीकडच्या ठाण्याला द्यायच्या दिवशी उवेने एकच गोष्ट मागितली. फाईल नव्हे, पेन्सिलची वही.

“त्यांना वाचता येणार नाही,” शिरीष म्हणाला.

“मला येतं,” उवे म्हणाला. “आकडे सगळीकडे तेच. शब्द दोनच आहेत.”

आता तो त्या ठाण्यावर साधा स्वयंसेवक आहे. प्रमुख दुसरा कोणी, त्याच्या निम्म्या वयाचा. उवे शनिवार-रविवार वीस मिनिटे गाडी चालवत जातो. तो जुना चढ आता त्यांच्या हद्दीत येतो. तिथे कोणी पडले तर यंत्र आधी खिंड ओलांडते, मग चढ चढते. गेल्या हिवाळ्यात ते चढावर कधी थांबले नाही, असे शिरीषला कळले. पोचायला किती वेळ लागतो ते त्याने विचारले नाही.

मोपेडचा धूर विरला त्या सकाळी, आठच्या सुमारास, उवेचा या हिवाळ्यातला पहिला निरोप आला. शिरीषच्या आणि माझ्या, दोघांच्याही फोनवर. रोमन अक्षरांत एक ओळ: -९, कोर्दा, ३. शेवटचा आकडा खाचेचा.

शिरीषने वाचले, मान हलवली आणि चहा ओतला. मी खिडकी उघडून बाहेरच्या तापमापकाकडे पाहिले. फोन वाजला. साडेआठ झाले होते.

“आज किती?” सासूबाईंनी विचारले.

“उणे चार, अहो आई. डोंगरावर उणे नऊ. बर्फ कोरडा.”

सहा वर्षांत त्यांना आकडा पहिल्यांदाच मिळत होता.

“कोरडा म्हणजे चांगला की वाईट गं?”

“नुसतं तसं सांगता येत नाही,” मी म्हणाले. “लिहून ठेवायचं.”